माळाईचा वर्ख

“चालली! लंकाबाई चालली!”

श्रावणातल्या त्या मंगळवारी तांबखडीच्या गायरानात एकच गलका उठला. पारनेर तालुक्यातल्या सहा-सात गावांची माणसं टेकाडावर लोटली होती. दुधाचे टेम्पो कॅन उतरवून माणसं भरून आले होते. नारळवाले होते, हारवाले होते आणि एक भेळवालाही होता. चमत्कार बघितला की माणसाला भूक लागते, हे त्या भेळवाल्याला पक्कं ठाऊक होतं.

टेकाडाच्या माथ्यावर माळाईचा तांदळा, शेंदूर फासलेला बिनघडीव दगड. त्याच्यापुढे धुनी. धुनीपुढे व्याघ्रासनावर, म्हणजे वाघाचे पट्टे छापलेल्या ब्लँकेटवर, धुनीबाबा बसलेला. आणि खालून लंकाबाई वर येत होती. सत्तरी उलटलेली बाई. तीन वर्षं उंबरा ओलांडायला जिला दोन माणसं लागायची, ती हातात काठी न घेता एकटी टेकाड चढत होती. माथ्यावर येऊन तिनं दोन्ही हात वर केले, तशा हळदकुंकवाच्या मुठी उधळल्या गेल्या.

गर्दीत बन्सी उभा होता. लंकाबाई त्याची सख्खी आत्या. तिला मागंपुढं कुणी नव्हतं, म्हणून ती बन्सीच्याच घरात राहायची आणि बन्सीला लहानपणापासून तिनंच खांद्यावर वागवलेलं. आत्याला चालताना बघून त्याला हुंदका आला.

“बघितलंस का चांगुणे? आता तरी इस्वास ठिव,” तो बायकोला म्हणाला.

चांगुणा काय बघणार? तिच्या पापण्या सुजून डोळ्यांच्या नुसत्या फटी उरल्या होत्या. मान, कोपरांच्या घड्या, हाताचे पंजे सगळं लालबुंद होऊन फुटलेलं, त्यातून पाणी गळत होतं. दीड महिना ती बाई धड झोपली नव्हती. खाजवून खाजवून नखांत रक्त यायचं. दोन पोरं घरात, मोठी दिशा सातवीत, आणि आई चुलीपुढं बसली की किंचाळायची. बन्सीनं तिला हाताला धरून बाबापुढं नेलं.

बाबानं डोळे मिटले. मग उघडले. मग पुन्हा मिटले. असल्या कामात उघडझाप फार महत्त्वाची असते.

“माय, तू गायरानात काय उपटलंस?”

“गाजर गवत, महाराज.”

“गवत?” बाबा एवढ्यानं ओरडला की भेळवाल्याचा हात थांबला. “अगं ते माळाईचं केस हायेत! ती पांढरी फुलं न्हाईत, आईच्या वेणीतला गजरा हाय! तुझ्या डोक्याचं केस कुनी मुठीनं उपटलं तर तू गप बसशील? मग आई बसंल? आं? जित्या आईचं केस उपटलंस तू!”

गर्दीतल्या दहा-बारा बायका रडायलाच लागल्या. त्यांनीही उपटलं होतं.

“पन आई दयाळू हाय,” बाबाचा आवाज एकदम तुपात घोळला. “धुनीपुढं बस. धूर घे. रोज सकाळी अंगाऱ्याची एक पुडी. कडू लागंल. कडू लागला म्हंजी आईनं आपला राग त्यात घातला, असं समजायचं.”

चांगुणानं पुडी घेतली. तिसऱ्या दिवशी तिचे डोळे उघडले. पाचव्या दिवशी मानेवरच्या खपल्या पडल्या. आठव्या दिवशी ती दिशाची वेणी घालत बसली होती, आणि बन्सी देवळीपुढं लोटांगण घालत होता. आता तुम्हीच सांगा, दीड महिना बायको तळमळताना बघितलेल्या माणसाला कुणी शहाणपण शिकवायचं? त्याच्या जागी तुम्हीआम्हीही लोटांगणच घातलं असतं.

पण ही गोष्ट अंगाऱ्यापासून सुरू होत नाही. ती सुरू होते एका चांगल्या शपथेपासून.

बावीस वर्षांपूर्वी तांबखडीचं गायरान म्हणजे टक्कल होतं. मुरूम, खडक आणि शेळ्यांच्या लेंड्या. गावातली चार माणसं हिवरे बाजारला जाऊन आली, चार राळेगणला जाऊन आली आणि गावानं मनावर घेतलं. चर खणले, बांध घातले आणि माळाईपुढं अख्ख्या गावानं बेलभंडारा उचलला: ‘या गायरानात जनावर सोडणार नाही, कुऱ्हाड लावणार नाही, काडी उपटणार नाही.’ दरसाल पावसाळा सरला की ठरल्या दिवशी विळ्यानं गवत कापायचं आणि घरटी भारे वाटून घ्यायचे, एवढीच मोकळीक. शपथ गावानं पाळली. मारवेल, पवना अशी गुरांच्या आवडीची गवतं आली, तितर परतले, गोठ्यात दूध आलं. बन्सीनं वयाच्या सतराव्या वर्षी त्या शपथेला हात लावला होता आणि त्याचा त्याला फार अभिमान होता.

मग दुष्काळाच्या साली बाहेरून ट्रकनं चारा आला. चाऱ्यातून गाजर गवताचं बी आलं. पहिल्या वर्षी गायरानाच्या वाटेला दहा रोपं दिसली. एका पोरानंही ती उपटली असती. पण काडी उपटायची नाही ना! शपथ! दुसऱ्या वर्षी पट्टा झाला, पाचव्या वर्षी निम्मं गायरान पांढरं झालं. त्याच्याखाली मारवेल मेलं. गुरं त्याला तोंड लावीनात, लावलं तर दूध कडू यायचं. गाव रोज बघत होतं आणि शपथ पाळत होतं. इतकं इमानदारीनं स्वतःचं वाटोळं करणारं गाव विरळाच.

शेवटी उठली ती चांगुणा. बचत गटाच्या पंधरा बायका घेऊन ती गायरानात शिरली. “शपथ गवत वाढावं म्हनून घेतली हुती, ह्या अवदसेला पोसाया न्हाई,” ती म्हणाली. बोलणं सोळा आणे खरं. चूक झाली ती वेगळीच. बायकांनी गवत ऐन फुलोऱ्यात उपटलं, उघड्या हातांनी, आणि भारे करून डोक्यावर वाहिलं. फुलांचा भुगा मानेवर, पापण्यांवर, कोपरात. पंधरवड्यात सहा बायकांना खाज सुटली, आणि सगळ्यात पुढं राबणाऱ्या चांगुणाला सगळ्यात जास्त.

गावाला दुसरं काय सुचणार? शपथ बाधली! हा धुनीबाबा ज्येष्ठापासून टेकाडावर धुनी पेटवून बसलाच होता. त्याला आयतं कोलीत मिळालं. बायकांचं काम बंद पडलं, आणि गाजर गवतानं निवांत बी झाडलं.

बायको बरी झाली म्हणून बन्सी बाबाचा सेवेकरी झाला. रोज सकाळी दूध घालून तो टेकाडावर जायचा आणि धुनीची राख चाळायचा. धुनीत जळायचं काय, तर वाळून पडलेलं गाजर गवत. आईचे गळालेले केस आईलाच अर्पण. दर मंगळवारी चांगुणा त्या धुरापुढं बसायची, बुधवारी तिची मान पुन्हा खाजायची आणि बाबा एकाच्या दोन पुड्या करायचा. हे बन्सीला दिसत होतं. पण दिसणं आणि कळणं यांच्यामध्ये त्या वेळी बाबा बसलेला होता.

राख चाळताना कधी कधी चाळणीत चकाकणारे कागदासारखे पातळ तुकडे राहायचे. पहिल्यांदा सापडले तेव्हा बन्सी चमकला.

“महाराज, ह्ये काय?”

बाबाचा चेहरा क्षणभर पडला, पण क्षणभरच. “बन्सी! अरं भाग्यवान! आईचा चांदीचा वर्ख हाय ह्यो! गुप्त रूपानं आई धुनीत उतरती, तिच्या अंगावरनं गळतो. मोठं तुकडं माझ्याकडं द्यायचं, बारकं ताइतात घालून भक्तांना.”

“महाराज, ह्याच्यावर अक्षरं हायेत.”

“बीजाक्षरं! वाचायचा यत्न करू नगंस. डोळं जातील.”

बन्सीनं वाचली नाहीत. तांबखडीत चाळीस-पन्नास गळ्यांत ताईत आले. लंकाबाईच्या ताइतात मात्र बन्सीनं स्वतःच्या हातानं जरा मोठा तुकडा घातला. सख्खी आत्या होती ना.

आश्विनात शाळेत मुलांची तपासणी करायला पारनेरच्या सरकारी दवाखान्यातून डॉक्टर सुमेधा आल्या. दिशाला घ्यायला आलेल्या चांगुणाकडे त्यांचं लक्ष गेलं आणि त्यांनी मुलांची रांग थांबवली.

“बाई, तुमचा चेहरा असाच गोल होता का आधीपासून?”

“न्हाई ओ, आता तब्येत सुधारलीया,” चांगुणा हसली. “भूक बी लई लागती.”

“हे बाळसं नाही. मानेमागं चरबी चढलीय, हातपाय काड्या झालेत. काय औषध घेता?”

“औषध न्हाई, अंगारा.”

“त्याची एक पुडी मला आणून द्याल? तपासून घेते.”

बन्सी तिथंच होता. तो तडकला. “देवीचा परसाद तपासायचा? म्हंजी आई खोटी, आन् तुमी खऱ्या? तुमी पोरांची दातं बघा, बाई.”

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “बरं. देऊ नका. पण एक ऐका. जे काही घेताय ते एकदम बंद करू नका. आणि उलट्या झाल्या, चक्कर आली, तर कुठंही न थांबता माझ्याकडं आणा.”

बन्सीनं यातलं पहिलं वाक्य उचललं आणि गावभर मिरवलं. “डॉक्टरीनबाई बी म्हनली, अंगारा सोडू नगा!” माणसाला ऐकायचं तेवढंच ऐकू येतं बघा.

दिवाळीच्या आधीच्या मंगळवारी बाबानं पोटातलं ओठावर आणलं. सकाळी चमत्काराची मानकरी म्हणून लंकाबाईला आठवड्याच्या सात पुड्या सगळ्यांच्या आधी दिल्या, बाकीच्यांना संध्याकाळी मिळायच्या होत्या. दुपारी देवळापुढं ग्रामसभा होती, तिथं तो स्वतः आला. आईला मठ हवाय, म्हणाला. गायरानातली वीस एकर मठाच्या नावे ठराव करा. माना डोलायला लागल्या होत्या, तेवढ्यात चांगुणा उभी राहिली.

“महाराज, तुमी माजं डोळं उघडलं. उपकार इसरनार न्हाई. पन गायरान माज्या बापाचं न्हाई आन् तुमच्या बी न्हाई. ते गुरांचं हाय. त्ये न्हाई देता यायचं.”

तिच्यामागं गटाच्या बायका उभ्या राहिल्या. ठराव पडला. बाबा उठला, चिमटा आपटला. “आईनं हात आखडला! आजपास्नं ह्या गावाला अंगारा बंद! ठराव घिऊन या, मगच पुडी मिळंल!”

दुसऱ्या दिवसापासून घराघरात माणसं अंथरुणाला खिळायला लागली. कुणाला मळमळ, कुणाला चक्कर, कुणाच्या अंगातलं त्राण गेलेलं. बन्सीच्या घरात मात्र पुड्या होत्या, आत्याच्या पदराच्या गाठीला. संध्याकाळी लंकाबाईनं गाठ सोडली आणि सातही चांगुणाच्या ओंजळीत ओतल्या.

“आत्या, ह्या तुमच्या हायेत.”

“गप गं. माजी लाकडं मसणात गेली. तुला दोन लेकरं हायेत. आन् आईनं मला तीन महिनं चालिवलं, आनखी किती चालवंल?”

बन्सी बघत होता. त्यानं अडवलं नाही. खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं, आणि त्यानं आत्याच्या पायाला हात लावला.

तिसऱ्या दिवशी लंकाबाईनं जेवण सोडलं. चौथ्या दिवशी पाणी पोटात ठरेना. बन्सी टेकाडावर धावला, तर बाबानं पाठ फिरवली. पाचव्या दिवशी सकाळी आत्याचा हात गार लागला. “बन्स्या, पाय चालत न्हाईत रं,” एवढंच ती म्हणाली, आणि न्याहारीच्या वेळेला गेली.

बाबा टेकाडावरून गरजला, “आईनं पहिला घास घेतला! अजून चांगुणा ऱ्हायलीया!”

गाव हादरलं. ज्या बायका ग्रामसभेत चांगुणामागं उभ्या राहिल्या होत्या, त्या तिच्या दारावरून जाताना पदर ओढून घ्यायला लागल्या. गुरुवारी पुन्हा ग्रामसभा ठरली आणि या वेळी ठराव होणार हे सगळ्यांना माहीत होतं. इकडं आत्याच्या पुड्या सोमवारी संपल्या. मंगळवारी चांगुणाला जुलाब सुरू झाले, रात्रभर उलट्या झाल्या, आणि बुधवारी सकाळी तिला भिंतीला टेकवून बसवलं तरी ती घसरत होती. दिशा आईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि बापाकडं बघत होती. बन्सीला ते बघणं सहन होईना. तो अनवाणी टेकाडावर पळाला.

“महाराज, एक पुडी द्या. एकच. माज्या नावावर पाप घाला, मला मारा, पन एक पुडी द्या.”

“उद्या ठराव घिऊन ये.”

“उद्यापतुर ती ऱ्हात न्हाई ओ!”

बाबानं धोतराच्या सोग्यातून वर्खाचा मोठा तुकडा काढला, दोऱ्यात बांधला आणि त्याच्यापुढं टाकला. “हे गळ्यात घाल. आईची मर्जी असंल तर वाचंल.”

बन्सी परत आला तेव्हा दारात गर्दी जमली होती आणि बाज उचलायची तयारी चालली होती. “धुनीपुढं न्या, धुनीपुढं,” सगळे म्हणत होते. गावातल्याच कल्याण दूधवाल्याचा टेम्पो दारात उभा होता. हा कल्याण गावभर फटकळ म्हणून प्रसिद्ध. तो खाली उतरून बन्सीपुढं आला.

“बन्सीभाऊ, देवी हितं बी हाय आन् पारनेरला बी हाय. दवाखाना मातर पारनेरलाच हाय. बोल, कुटं घिऊ?”

बन्सीनं टेकाडाकडं बघितलं. आत्यासाठी तो तिकडंच धावला होता. शाळेतल्या डॉक्टरीनबाईचं दुसरं वाक्य त्याला आता आठवलं, जे त्यानं गावात कुणालाच सांगितलं नव्हतं.

“पारनेर,” तो म्हणाला.

“वाटंत मेली तर?” कुणीतरी ओरडलं.

“मरू दे मला! सरका!” बन्सी काय बोलतोय ते त्यालाच कळत नव्हतं. बाबाचा दोरा बायकोच्या गळ्यात बांधून त्यानं तिला उचललं आणि कॅनच्या मधोमध ठेवलं.

दवाखान्यात डॉक्टर सुमेधांनी नाडी धरली, रक्तदाब बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, “अंगारा कधी बंद केला?”

“परवा.”

डॉक्टर लगेच कामाला लागल्या. सलाईन लावलं, शिरेतून इंजेक्शन दिलं. दोन तास बन्सी भिंतीशी उकिडवा बसून होता. दुपारी चांगुणानं डोळे उघडले आणि “दिशा जेवली का?” असं विचारलं, तेव्हा तो पोरासारखा ओक्साबोक्शी रडला.

मग डॉक्टरांनी त्याला समोर बसवलं.

“बन्सीभाऊ, तुमच्या बायकोला देवी लागलेली नाही. गाजर गवताची ॲलर्जी आहे. फुलांचा भुगा कातडीला लागला की अशी कातडी फुटते. सगळ्यांची नाही, काहींची. त्या गवताचा धूर घेतला तर आणखी फुटते. अंगाऱ्यात स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून घातलेल्या असाव्यात, माझी खात्री आहे. त्यानं सूज, खाज, सांधेदुखी पटकन दबते. म्हाताऱ्या माणसाचे गुडघेसुद्धा चालायला लागतात.”

बन्सीनं मान वर केली.

“पण हेच औषध आपलं शरीर आतून स्वतः थोडं थोडं तयार करत असतं. बाहेरून रोज भरपूर मिळालं की शरीर ते करायचं बंद करतं. मग बाहेरचं एकदम तोडलं तर माणूस कोसळतो. उलट्या, गुंगी, कधी मृत्यू. म्हणून मी म्हटलं होतं, एकदम बंद करू नका. गावात पुड्या कधीपासून बंद आहेत?”

“नऊ दिस झालं.”

“मग या परवापर्यंत कशा काय…”

“आत्यानं आपल्या सात पुड्या हिला दिल्या.”

“आत्या कुठं आहेत?”

“गेली,” बन्सी म्हणाला. डॉक्टरांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. बाहेर कल्याण रिकामे कॅन चढवत होता, त्याचा आवाज तेवढा येत होता.

थोड्या वेळानं त्यांनी चांगुणाच्या गळ्यातला दोरा दाखवला. “हे काय बांधलंय?”

“आईचा वर्ख.”

त्यांनी तुकडा सोडवला, खिडकीशी धरला. मग टेबलाच्या खणातून गोळ्यांचं एक साधं पाकीट काढलं, उलटं केलं आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. तोच चकाकणारा पातळ पत्रा. तशीच निळी छापील अक्षरं. काठ तेवढे जळके.

“वाचता येतं?”

“धा बुकं शिकलोय,” बन्सी म्हणाला, आणि त्यानं बीजाक्षरं वाचली. डोळे गेले नाहीत. उलट तीन महिन्यांत पहिल्यांदा आले.

गुरुवारी सकाळी देवळापुढं सगळं गाव जमलं होतं. बाबा पट्ट्यापट्ट्यांच्या ब्लँकेटवर विराजमान होता. ठरावाचा कागद तयार होता. कल्याणच्या टेम्पोतून बन्सी उतरला, मागून डॉक्टर सुमेधा.

“चांगुणा गेली का रं?” बाबानं मोठ्या मायेनं विचारलं.

“जिती हाय. चा पिली सकाळी,” बन्सी म्हणाला, आणि देवळातलं पितळी ताट उचलून त्यानं मधोमध ठेवलं. “ठरावाआधी एक काम हाय. समद्यांनी आपापलं ताईत ह्या ताटात सोडा.”

“आईचा कोप हुईल!” बाबा ओरडला.

“माज्या आत्यावर झाला, बायकोवर झाला. आता माज्यावर हूंद्या.” त्यानं पहिला ताईत स्वतःच्या गळ्यातून तोडून ताटात टाकला. दुसरा खिशातून काढला. तो लंकाबाईचा होता. मग पंकजा उठली, गटातली चांगुणाची जोडीदारीण, आणि तिनं आपला टाकला. मग एकेक करत चाळीस.

डॉक्टरांनी तुकडे उलटे करून, जळके काठ एकमेकांना लावून जुळवले. मग बन्सीनं बोट ठेवून एकेक अक्षर मोठ्यानं वाचलं. आधी गोळीचं नाव. मग किती मिलिग्रॅम. मग तो थांबला.

“महाराज, हितं लिवलंय, पुढल्या सालच्या मार्चात मुदत संपती. माळाईला एक्सपायरी डेट असती व्हय?”

कुणीतरी हसलं. पण ते हसू फार वेळ टिकलं नाही, कारण माणसांना लंकाबाई आठवली.

“ही तर… गुप्त लिपी…” बाबा उठला. “मी जरा लघुशंकेला जाऊन येतो.”

“बसा महाराज,” पंकजा म्हणाली. “आमी बी यितो संगट.” पंधरा बायकांनी त्याच्याभोवती कडं केलं. टेकाडावरच्या त्याच्या पत्र्याच्या पेटीत गोळ्यांचे खोके आणि खलबत्ता सापडला. खलबत्त्यात पांढरा भुगा होता. रिकामी पाकिटं तो धुनीत जाळत होता. पण पत्रा सगळा जळत नाही, आणि उरलेला इमानदारीनं चाळून काढायला बन्सीसारखा सेवेकरी होता. पोलिसांनी जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला आणि पेटी तपासणीला नेली. ब्लँकेट तेवढं कुणी नेलं नाही.

डॉक्टरांनी पोलिसांची जीप येण्याआधीच सांगून टाकलं होतं, “ज्यांनी ज्यांनी अंगारा खाल्लाय, ते सगळे आजच दवाखान्यात या. औषध हळूहळू उतरवावं लागेल. लाजू नका. लाजायचं त्यानं, ज्यानं फसवलं.”

पुढल्या पावसाळ्यात गटाच्या बायका पुन्हा गायरानात शिरल्या. या वेळी फुलं यायच्या आधी, हातमोजे घालून, पूर्ण बाह्यांचे सदरे चढवून आणि तोंडाला रुमाल बांधून. उपटलेलं जाळायचं नाही, खड्ड्यात पुरायचं. मोकळ्या झालेल्या जागेत मारवेलाचे ठोंब लावायचे, आणि निदान पाच-सात वर्षं दरसाल मागं लागून राहायचं, कारण बी जमिनीत दडून बसतं. हे काम एका मंगळवारात होत नाही आणि त्याला भेळवालाही येत नाही. चांगुणाला आता ते गवत जन्मात हाताळता येणार नव्हतं. ती लांब बांधावर वाऱ्याच्या उलट्या अंगाला बसायची आणि तिथून ओरडून सांगायची, “ते न्हाई गं! तो पवना हाय! पान बघून उपटा!”

काम सुरू करताना कुणीतरी ताटात बेल आणि भंडारा आणला होता. उपटायची शपथ घेऊ म्हणे.

“शपथ नगं,” चांगुणा म्हणाली. “बावीस वर्सं पाळली की. पाळता पाळता बघायचं सोडलं आपुन. नुसतं बघत ऱ्हावा, इचारत ऱ्हावा, तेवढं बास.”

मग बन्सी पुढं आला. त्यानं खिशातून आत्याचा ताईत काढला. पोलिसांनी बाकीचे ठेवून घेतले होते, हा एक त्यानं हातापाया पडून मागून आणला होता. त्यानं तो उघडला आणि चकाकता तुकडा सगळ्यांपुढं धरला.

“ह्यो मी माज्या हातानं आत्याच्या गळ्यात बांधला. तिला लिवता-वाचता येत न्हवतं. ती कुनाला इचारनार? मलाच,” तो म्हणाला. “मला वाचता येत हुतं. तीन महिनं रोज सकाळी हातात अक्षरं घिऊन बसलो, आन् वाचली न्हाईत. बाबानं फसिवलं खरं, पन वाचू नगंस म्हनला, आन् मी ऐकलं. बायांनो, बाप्यांनो, कुनी बी म्हनलं वाचू नगा, इचारू नगा, तपासू नगा, तर तितंच थांबा. आन् आदी वाचा.”